एकाचा नऊ

एक तारखेला दुपारपर्यंत कॅलेंडरच्या छापखान्यातल्या प्रत्येकाचा मोबाइल एकदा वाजला. पगार झाला होता. वाजला नाही तो फक्त मुद्रितशोधकांचा. त्यांना सगळे शुद्धिपत्रकाका म्हणत, कारण सव्वीस वर्षांत त्यांच्या नजरेतून एकही चुकीची तारीख सुटलेली नव्हती आणि ही गोष्ट त्यांनी कुणाला विसरूही दिलेली नव्हती.

ते कॅशियरबाईंच्या टेबलापाशी गेले.

"बाई, माझं राहिलं वाटतं."

"राहील कसं? सकाळीच गेलाय तुमचा." बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा बघा, जमा."

"कुणाकडे जमा?"

काकांनी पासबुक काढलं. खात्याच्या नंबरातले सगळे आकडे जुळले, शेवटचा जुळेना. पासबुकात एक होता, पडद्यावर नऊ. काकांचा चेहरा फुलला. दुसऱ्याची चूक सापडली की तो फुलायचाच.

"बाई, हा काय निष्काळजीपणा!"

बाईंनी फाइल उघडली आणि नव्या खात्यासाठी काकांनी गेल्या महिन्यात स्वतः भरून दिलेला फॉर्म समोर ठेवला. सगळा नंबर इंग्रजी आकड्यांत होता. शेवटी मात्र हाताला दिवसभराची सवय नडली होती आणि तिथे एक मराठी एक, शेपूट खाली सोडून, ऐटीत बसला होता.

"हा नऊ आहे," बाई म्हणाल्या.

"हा एक आहे! मराठी एक."

"इंग्रजी आकड्यांच्या रांगेत शेवटी मराठी एक कोण लिहितं?"

"लिहिणाऱ्यानं बरोबर लिहिलंय. वाचणाऱ्याला वाचता यायला हवं."

शिपाई हे ऐकत होता. पाच मिनिटांत सगळ्या छापखान्याला कळलं.

घरी कळलं तेव्हा कुणाला हसू आलं नाही. मुलीचा नर्सिंगला नंबर लागला होता. फी भरायची शेवटची मुदत शुक्रवारी चार वाजेपर्यंत, आणि आज बुधवार. बाकीची जुळवाजुळव होऊन पगाराचीच तेवढी वाट होती.

"अहो, बाईंनी चूक केली ना? मग त्यांनाच निस्तरू दे," बायको म्हणाली.

"त्यांचीच चूक," काका म्हणाले. फॉर्मचा विषय त्यांनी काढला नाही.

गुरुवारी छापखान्याचं पत्र घेऊन ते बँकेत गेले. तीन नंबरच्या खिडकीतल्या मॅडमनी पत्र वाचलं, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "वरच्या ऑफिसला पाठवते. सात दिवस."

"सात? उद्या फी भरायचीय, मॅडम! त्या माणसाचं नाव सांगा, मी पाया पडून आणतो पैसे."

"नाव सांगता येत नाही. खातेदाराची संमती लागते."

"मग संमती घ्या."

"पत्र जाईल त्यांना. वरच्या ऑफिसातून."

काका मट्कन बाकावर बसले. तिथे गळ्यात टेप लटकवलेला एक शिंपी आधीच बसला होता. त्यानं थोडंही सरकून जागा दिली नाही. उलट मॅडमची नजर वळली तसा तोच खिडकीत घुसला.

"मी आधी आलोय!" काका ओरडले.

"मी काल आलोय!" शिंपी म्हणाला.

दोघांची अशी जुंपली, की पहारेकऱ्याला मध्ये पडावं लागलं.

शुक्रवारी मुलगी बाबांचं कार्ड घेऊन सकाळीच कॉलेजच्या फीच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. काका बँकेत आले. बाकावर शिंपी होताच. दोघांनी एकमेकांकडे पाठ केली. काका मॅडमना विनवत, मग शिंपी विनवत असे. मॅडम दोघांनाही तेच उत्तर देत होत्या आणि देताना एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या. अडीच वाजता त्यांचा धीर संपला. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"हे बघा, मला नियमानं कुणाचं काही कुणाला सांगता येत नाही. मी चहाला चाललेय. तुम्ही दोघं समजूतदार माणसं दिसता. बाकावर गप्प बसण्यापेक्षा जरा एकमेकांची चौकशी करा."

आणि त्या खरंच गेल्या.

काका नाइलाजानं म्हणाले, "तुमचं काय अडलंय?"

"काय सांगू, साहेब! बुधवारी कुणाचे तरी पैसे खात्यात येऊन पडलेत. ते परत घ्या म्हणून तीन दिवस हात जोडतोय, तर कुणी घेत नाही."

काका गर्रकन त्याच्याकडे वळले. "तुमच्या खात्याचा शेवटचा आकडा काय?"

"नऊ."

काकांनी त्याचे दोन्ही हात धरले. पासबुक, छापखान्याचं पत्र, सगळं त्याच्या मांडीवर मांडलं, मुलीच्या नर्सिंगच्या फीचंही सांगितलं. शिंप्यानं आपल्या मोबाइलवरची रक्कम पत्राशी ताडून पाहिली आणि त्याचा चेहरा एकदम निवळला.

"घेऊन जा, साहेब, आत्ता घेऊन जा! फक्त एक काम करा. माझ्या बायकोशी बोला. तिला वाटतंय, मी तिच्यापासून लपवून कुठंतरी कमावतोय. बुधवारपासून बोलत नाही माझ्याशी."

तीन वाजायला आले होते. काकांनी फोन घेतला. पलीकडे शिलाई मशीन खडखडत होतं.

"वहिनी, ते पैसे माझे आहेत. माझा पगार. आकड्याची चूक झाली."

"चूक कुणाची?"

"ती... म्हणजे आमच्या ऑफिसात..."

"मोघम नको. यांनीच शिकवून पाठवलंय तुम्हाला. नेमकी कुणाची?"

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. मग बँकेतल्या माणसांकडे. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "माझी."

"काय? मोठ्यानं बोला, मशीन चालू आहे!"

"माझी!" काका ओरडले. "चूक माझी आहे! इंग्रजी नंबरात मी मराठी एक लिहिला!"

सगळी बँक वळून बघायला लागली. पलीकडचं मशीन थांबलं.

"असं होय," वहिनींचा आवाज निवळला. "द्या हो यांना फोन." आणि शिंप्यानं फोन कानाला लावायच्या आत त्या कडाडल्या, "म्हणजे तुम्ही काहीच लपवून कमावलं नाहीत? बारा वर्षांत काहीच?"

चहाहून परतलेल्या मॅडमनी काही न विचारता पैसे फिरवायची स्लिप पुढे सरकवली. "खात्याचा नंबर अक्षरातसुद्धा लिहा," त्या म्हणाल्या. शिंप्यानं जीभ बाहेर काढून एकेक अक्षर लिहिलं. तीन वाजून वीस मिनिटांनी काकांचा मोबाइल वाजला. पावणेचारला पुन्हा वाजला. मुलगी होती.

"बाबा, भरली!"

काकांनी फोन शिंप्याच्या हातात दिला.

"पोरी," शिंपी म्हणाला, "बाबा रडतायत, पण काळजी करू नकोस. तुझ्या गणवेशाची मापं मीच घेणार."