बायजाक्काचे दोन आळशी

एका जंगलात, बाळांनो, बायजाक्का नावाची एक म्हातारी अस्वलीण एकटी राहत होती. अस्वल एकटं राहतं यात नवल काय, असं तुम्ही विचाराल. विचारू नका. मध्ये तोंड घालायचं असेल त्याने आपली गोष्ट आपण रचावी.

बायजाक्का शाळेत गेली नव्हती. गावातून पळवलेल्या गुळाला जे छापील कागद चिकटून यायचे, त्यांवरून ती वाचायला शिकली. त्यामुळे तिला सगळ्या विषयांतलं थोडं थोडं आणि ढेपेसारखं ठाम ज्ञान होतं. आपण फार शांत स्वभावाच्या आहोत, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. जंगलात दुसऱ्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

एके दिवशी ती ओल्या कातळावरून घसरली. गुडघा दुखावला. नदीपलीकडून तिचा मुलगा रंगनाथ धावत आला.

"आई, पुनवेपर्यंत सोबतीला कुणीतरी ठेव. नाहीतर आमच्या गुहेत चल."

"तिथं मी काय करू?"

"काही करायचं नाही. कोपऱ्यात बसून राहायचं."

बायजाक्काच्या अंगावर काटा आला. याच गुहेत तिने पिल्लं वाढवली. इथूनच दोन वाघ हाकलले. त्यातला एक वाट चुकून आला होता, ते सोडा. ही गुहा टाकून सुनेच्या कोपऱ्यात? छे.

तिने गुळाचा एक कागद काढला. त्यावर छापलं होतं, 'उतारवयात आळशी जातीचा कुत्रा पाळावा. बॅसेट किंवा बुलडॉग उत्तम. मात्र निवडण्यापूर्वी आपण स्वतः...' पुढचं तिने गुळाबरोबर चाटून टाकलं होतं.

"पुढं काही महत्त्वाचं नसणार," ती म्हणाली आणि कोल्ह्याला निरोप धाडला.

कोल्हा दोघांनाही घेऊन आला. घरात कुणाला घ्यायचं तर कांदेपोहे खायला घालून, पारखून घ्यायचं, असा बायजाक्काचा दंडक होता. सूनही तिने अशीच पारखली होती. तिला तीनदा चालून दाखवायला लावलं होतं.

बॅसेटचे कान जमिनीवर लोळत होते आणि पाय उरलेल्या मातीतून केल्यासारखे आखूड होते. बुलडॉगचं तोंड कुणीतरी आतून ओढून धरल्यासारखं होतं.

"खानदानी आहेत, अक्का," कोल्हा म्हणाला. "सात पिढ्यांत कुणी धावलेलं नाही."

"चालून दाखव," बायजाक्का बॅसेटला म्हणाली.

"बसूनच काय ते विचारा," बॅसेट म्हणाला.

ती बुलडॉगकडे वळली. तो पोह्यांच्या पानावर गाल टेकून घोरत होता.

"दोघंही पसंत," बायजाक्का म्हणाली. "आठ दिवस राहू दे. जो जास्त आळशी, तो माझा."

आता आळस मोजायचा, बाळांनो, तर कुणालातरी उठून मोजावा लागतो. बायजाक्काने काठी लांब फेकली. कुणी हललं नाही. चांगली काठी वाया कशी घालवायची? तिने स्वतःच आणली. खात्री करायला पुन्हा फेकली. दिवसाला बारा वेळा. दोघं पाण्याला नदीवर जाईनात, म्हणून ती भोपळा भरून पाणी आणू लागली. बॅसेट प्यायला वाकला की कान पाण्यात, ते तिने उचलून धरायचे. बुलडॉगला उकडायचं, त्याला पानाने वारा घालायचा.

"म्हातारीला दमणूक नको म्हणून आणलं तुम्हाला," ती पळता पळता म्हणायची. "आणि काय हो, मी बोलते ते ऐकू येतं का?"

ते मात्र शेजारच्या डोंगरालाही ऐकू जायचं.

आठव्या दिवशी बुलडॉगने एक डोळा उघडला.

"अक्का, राग मानू नका. आमचं ठरलंय."

"तुम्ही काय ठरवणार? निवडणारी मी."

"कोल्हा म्हणाला होता, म्हातारी शांत आहे, जागची हलत नाही. म्हणून आलो. पोहे खाताना आम्ही तुम्हालाच पारखत होतो."

"नापास झालात," बॅसेटने उसासा टाकला. "अंगात फार रग आहे तुमच्या."

बायजाक्का मटकन खाली बसली. आठ दिवसांत पहिल्यांदाच बसली. उद्या पुनव होती.

"मग जा," ती हळूच म्हणाली.

"जाणारच," बुलडॉग म्हणाला. "उद्या. आज उठवत नाही."

दुसऱ्या दिवशी रंगनाथ आणि सून कावेरी आले. गुहेच्या दाराशी दोन कुत्रे पसरलेले. एकही भुंकला नाही.

"बघितलंस?" रंगनाथ बायकोला म्हणाला. "उद्या चोर आला तर..."

तेवढ्यात नदीवरून बायजाक्का आली. दारात कुणाचीतरी मोठी पाठ दिसली. तिने भोपळा टाकला आणि त्या पाठीच्या मालकाचा कान धरला.

"कोण रे तू?"

"आई, मी आहे."

"मग पाय पुसून आत ये."

रंगनाथ कान चोळत म्हणाला, "आई, हे कुत्रे कामाचे नाहीत. तू चल आमच्याकडे."

कावेरीने आत नजर फिरवली. तिने झिजलेली काठी पाहिली, वारा घालायचं पान पाहिलं, लख्ख झाडलेली गुहा पाहिली. मग तिला आपली गुहा आठवली. त्यात ही काठी कोण कुणासाठी फेकेल, तेही दिसलं. तीनदा चालून दाखवलेलं तर ती विसरलीच नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "आत्याबाईंची बसलेली घडी कशाला मोडायची? सोबतीला एक नाही, दोन आहेत. शिवाय आपला कोपरा ओला आहे."

"कुठं ओला आहे?"

"होईल," कावेरी म्हणाली.

बायजाक्का आपल्या गुहेतच राहिली. बुलडॉग आणि बॅसेट उद्या जाणार आहेत. गेली तीन वर्षं ते उद्याच जाणार आहेत. आणि बायजाक्का येईल जाईल त्याला पाणी आणता आणता सांगते, "कुत्रं पारखावं तर शांत माणसाने."

तात्पर्य : 'उद्योगाचे घरी रिद्धिसिद्धी पाणी भरी' असं तुम्हाला शाळेत घोकायला लावलं असेल. रिद्धिसिद्धी कुणी पाहिल्यात? आळशाच्या घरी मात्र मालकीण स्वतः पाणी भरते, आणि तिचा गुडघा सुधारतो. तेव्हा घरातले आळशी जपा. दोन असतील तर निवडत बसू नका.