हलू नकोस!

घड्याळजींच्या दुकानात भिंतीवर सत्तावीस घड्याळं होती आणि सत्तावीसच्या सत्तावीस एकाच वेळी टोले द्यायची. एवढा वेळेचा पक्का माणूस. पण हातात कॅमेरा आला की हमखास एक क्षण मागे पडायचा. कॅमेराही साधाच, काळ्या डब्यासारखा. एक काच, एक बटण, बस्स. बटण दाबलं की आतली झडप आळस देत उघडायची, आणि तेवढ्यात समोरचा माणूस शिंकला तर फोटोत त्याला दोन नाकं यायची. म्हणून कॅमेरा डोळ्याला लावला की घड्याळजी दरडावायचे, "हलू नका! श्वाससुद्धा घेऊ नका!"

हा हुकूम घरात सगळ्यात जास्त कोण पाळत असेल, तर त्यांची मुलगी भिंगरी. एरवी ही पोरगी जेवतानाही एका जागी टिकायची नाही. पण बाबांनी "हलू नकोस" म्हटलं, की हात सरळ, हनुवटी वर, गाल लाल होईपर्यंत श्वास कोंडून उभी. आई म्हणायची, "दिवसभर हिच्यासमोर कॅमेरा धरून बसा हो, मला जरा काम होईल."

पंचाईत अशी, की भिंगरी पळायची. आणि पळायची म्हणजे काय, वारं प्यायल्यासारखी! शाळेच्या शर्यतीत तीन वर्षं पहिली. त्या तीन वर्षांचे तीन फोटो अल्बममध्ये लावलेले होते. पहिल्यात रिकामं मैदान. दुसऱ्यात एक टाच. तिसऱ्यात शिट्टी वाजवणाऱ्या सरांचं पोट. ते मात्र अगदी स्पष्ट आलं होतं.

"यंदा शाळेचं शेवटचं वर्ष," आई म्हणाली. "पुढे कुठली शर्यत आणि कुठलं काय! माझी पोरगी पळताना कशी दिसायची, हे म्हातारपणी मी सरांच्या पोटाकडे बघून आठवू का?"

हे घड्याळजींच्या जिव्हारी लागलं. रोलमध्ये एकच फोटो शिल्लक होता. बाकीचे अकरा धाकट्या काकांच्या नव्या स्कूटरवर गेले होते. स्कूटर उभी असल्यामुळे सगळे झकास आले होते. नवा रोल यायला आठवडा होता आणि शर्यत चार दिवसांवर. घड्याळजी तडक स्टुडिओवाल्याकडे गेले.

"तुम्ही खांबासारखे उभे राहता आणि पोरगी निघून जाते," स्टुडिओवाला म्हणाला. "ती पळेल तसा कॅमेरा तिच्याबरोबर फिरवायचा, आणि फिरवता फिरवताच बटण दाबायचं. पळणारा स्पष्ट येतो. जे जे उभं असेल ते सगळं पुसट."

"आणि पळणारा मध्येच थांबला तर?"

"अहो, शर्यतीत कोण थांबतं?"

दुसऱ्या दिवसापासून दुकानाच्या पायरीवर सराव सुरू झाला. बटणाला हात न लावता घड्याळजी नुसता कॅमेरा फिरवायचे आणि तोंडाने 'खट्' म्हणायचे. पहिली पाळी पोस्टमनची. तो सायकलवरून सुसाट आला, कॅमेरा बघितला आणि ब्रेक लावून थेट समोर उभा राहिला.

"फोटो काढताय? आधी सांगायचं ना, भांग तरी पाडला असता!"

"अहो, थांबू नका! जा! पळा!"

"पळताना कुठे फोटो काढतात का? काहीतरीच तुमचं!" म्हणून त्याने टोपी सरळ केली, छाती फुगवली आणि 'खट्' ऐकल्याशिवाय हलला नाही.

संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली. मग काय विचारता! दूधवाला थांबला, शिंपी कात्रीसकट आला, शेजारच्या काकू शाल पांघरून आल्या. घड्याळजी हात जोडून "पळा हो, कुणीतरी पळा!" म्हणत होते आणि अख्खी गल्ली पुतळ्यासारखी उभी. शेवटी सराव झाला तो एका कुत्र्यावर. त्या बिचाऱ्याला कॅमेरा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तीन दिवसांत घड्याळजींची मान मोडायला आली, पण हात असा बसला, की कुत्रं एकदाही चौकटीबाहेर गेलं नाही.

शर्यतीच्या दिवशी ते शेवटच्या रेषेपाशी कडेला उभे होते. शिट्टी झाली. निम्म्या मैदानातच भिंगरी पुढे निघाली. मागे बेकरीवाल्याची लेक होती, पण चांगली चार पावलं मागे. घड्याळजींनी कॅमेरा डोळ्याला लावला. भिंगरी बरोबर चौकटीत. ती पुढे, कॅमेरा पुढे. वाहवा! आणि आनंदाच्या भरात, इतक्या वर्षांच्या सवयीने, तोंड आपोआप उघडलं.

"भिंगरी, हलू नकोस!"

भिंगरी थांबली. रेषेच्या तीन पावलं अलीकडे! हात सरळ, हनुवटी वर, श्वास बंद. मैदान ओरडत होतं, सर शिट्टी फुंकत होते, आई कपाळ बडवत होती; पोरगी ढिम्म हलली नाही. घड्याळजींचा हात मात्र कुत्र्यावर तयार झालेला. तो फिरतच राहिला. शेजारून बेकरीवाल्याची लेक सणकन पुढे गेली आणि बटण दाबलं गेलं. खट्!

घरी जाताना भिंगरी म्हणाली, "बाबा, यंदा नक्की आला असेल ना फोटो? मी अजिबात हलले नाही." त्यांना रडू आलं. डोळ्यांत धूळ गेली म्हणून त्यांनी वेळ मारून नेली.

फोटो आला. स्टुडिओवाल्याने शिकवलं तसाच, तंतोतंत. बेकरीवाल्याची लेक इतकी स्पष्ट, की तिच्या वेणीचे पेड मोजावेत. आणि तिच्यामागे एक पांढरा फराटा, वाऱ्याने ओढून नेल्यासारखा. ती भिंगरी.

"माझंच चुकलं गं बाळा," घड्याळजी म्हणाले.

भिंगरीने फोटो उजेडात धरला. "आई, बघ तरी! केवढी जोरात पळतेय मी!"

तो फोटो दुकानात घड्याळांच्या मधोमध लागला आणि आजही तिथेच आहे. आता घड्याळजी नाहीत. दुकान भिंगरी चालवते, तिचे केस पांढरे झालेत. घड्याळाचा सेल बदलायला आलेली गिऱ्हाइकं विचारतात, "ही मागची कोण हो? बापरे, काय पळतेय! हीच पहिली आली असेल."

परवा बेकरीवाल्याची लेक, आता आजीबाई, दुकानात आली होती. तिने ते ऐकलं आणि उखडली.

"अगं, पहिली मी आले होते ना?"

"तूच."

"मग मी जागच्या जागी गोठल्यासारखी आणि तू वाऱ्यासारखी, हा कुठला न्याय? थांब, आज नीट फोटो काढते तुझा." तिने पर्समधून मोबाईल काढून डोळ्यांसमोर धरला. भिंगरी ताडकन उठली. हात सरळ, हनुवटी वर, गाल लाल.

"अगं बाई, श्वास घे! हा मोबाईल आहे. हललीस तरी चालतं आता!"

"तू काढ गं," भिंगरी ओठ न हलवता म्हणाली. "बाबांनी अजून हल म्हटलेलं नाही."