लिहून देणार : देव

मसुदेकाकांनी केलेल्या करारनाम्यात मुंगीलाही शिरायला फट सापडत नाही, असा त्यांचा लौकिक होता. तो त्यांनी स्वतःच पसरवला होता, हा भाग वेगळा. तीस वर्षं वकिलांकडे कागद करून करून हा माणूस असा झाला होता, की शेजाऱ्याला शिडी दिली तरी पोच लिहून घ्यायचा.

काकूंचा एक डोळा लहानपणीच गेलेला. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आणि ऑपरेशनची तारीख ठरली, तेव्हा काकांची झोप उडाली. त्यांनी देवाशी रीतसर करार करायला घेतला. लिहून देणार देव, राहणार सर्वत्र. लिहून घेणार मसुदेकाका. देवाने काकूंना दिसेल असे करावे, बदल्यात काका जन्मभर साखर सोडतील. कलमं एकूण अकरा.

काकूंना तो वाचून दाखवला, तर त्या पोट धरून हसल्या.

"मी रोज हात जोडते. कधी काही लिहून घेतलं नाही."

"म्हणूनच ही वेळ आली," काका म्हणाले.

सहीच्या जागी पेन्सिलीची फुली मारून त्यांनी करार पाकिटात घातला आणि देवापुढे ठेवला. दुसरं तसलंच पाकीट, एका घरमालकाच्या कामाचं, त्याच्याकडे सहीसाठी पोचतं केलं.

ऑपरेशनच्या दिवशी काकूंना आत नेलं, आणि तेवढ्यात घरमालक धापा टाकत दवाखान्यात हजर.

"मसुदेकाका, मी हे काय लिहून दिलंय?"

काकांनी कागद पाहिला आणि त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. देवाच्या जागी घरमालकाची सही होती, चांगली लफ्फेदार. काकांची फुली दिसली की न वाचता सही ठोकायची, ही त्याची जुनी सवय. भाडेकरूचा गळका नळ वर्षभर दुरुस्त न करणारा हा गृहस्थ आता एका डोळ्याला जबाबदार होता! आणि तिकडे देवापुढे तीन दिवस दोन खोल्यांचा भाडेकरार पडून होता.

"मला डोळ्यातलं काही कळत नाही हो," घरमालक रडकुंडीला आला होता.

काका मटकन बाकावर बसले. देव कशालाच बांधलेला नव्हता. त्यांनी घाईघाईनं पेन काढलं, कागद उलटा केला, पण 'लिहून देणार'च्या पुढे पेन सरकेना. शेवटी त्यांनी पेन खिशात ठेवलं आणि नुसते हात जोडले. ती तुझी आहे, मीही तुझाच आहे, काय होईल ते होवो, एवढंच म्हणाले. अट एकही नाही. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. शेजारी घरमालक, देवाच्या वतीनं सही केल्यावर आपण कोणापुढे हात जोडायचे, या पेचात बसला होता.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. काकांचा जीव मुठीत.

"दिसतंय," काकू म्हणाल्या.

काका लहान मुलासारखे रडले. काकू त्यांच्याकडे प्रेमानं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, कॉलर केवढी मळलीय! आणि मोजे दोन वेगळ्या जोड्यांतले आहेत."

घरी आल्या आल्या त्यांनी, दिसेनासं झाल्यापासून काकांनी सहा महिने घासलेली भांडी एकेक करून उजेडात धरली आणि सगळीच्या सगळी परत मोरीत ठेवली. काका बाह्या सरसावून घासायला बसले. मन आनंदानं भरून आलं होतं, पण घासता घासता त्यांनी देवाला हळूच सांगितलंच, "मी फक्त 'दिसेल' एवढंच लिहिलं होतं रे."