तीन तास पुढे लावलेलं विमान

घड्याळजींच्या घरात पाच घड्याळं होती आणि त्यांतलं एकही खरं बोलत नव्हतं. बैठकीतलं दहा मिनिटं पुढे, स्वयंपाकघरातलं वीस आणि झोपायच्या खोलीतलं तर चक्क पस्तीस. आता हा माणूस चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा. त्याच्या दुकानातल्या घड्याळावरून अख्खी गल्ली आपापली घड्याळं लावायची. तेव्हा घरातला हा खोटेपणा काही चुकून झालेला नव्हता. तो खास बाईंसाठी होता. बाई म्हणजे घड्याळजींच्या पत्नी. या बाई आयुष्यात कुठेही वेळेवर पोहोचल्या नव्हत्या. स्वतःच्या लग्नातही त्यांनी नवऱ्याला पाऊण तास ताटकळत ठेवलं होतं, आणि वर "पळून तर नाही ना गेलात?" असं विचारलं होतं.

बाईंना घड्याळांची ही भानगड ठाऊक होतीच. कुठल्या खोलीत किती मिनिटं वजा करायची ते त्यांना तोंडपाठ होतं, आणि त्या बरोबर तेवढीच मिनिटं जास्त रेंगाळायच्या. म्हणजे एवढा खटाटोप करूनही उशीर व्हायचा तेवढा व्हायचाच. पण घड्याळजींनी नाद सोडला नाही.

अशा या घरातली एकुलती एक लेक लग्न होऊन परदेशी गेली, आणि आता तिचं पहिलं बाळंतपण आलं. डॉक्टरांनी ऑपरेशन करायचं ठरवलं. मंगळवारी सकाळी दहाची वेळ आहे, असं लेकीने कळवलं. "आई, मला आत नेतील तेव्हा तुझा हात माझ्या हातात हवा," असं म्हणाली आणि फोनवर रडली. ही पोरगी दात काढतानासुद्धा रडली नव्हती. बाईंच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

"अहो, ऐका," त्या म्हणाल्या. "एवढ्या प्रवासापुरती मी वजाबाकी करणार नाही. तुम्ही सांगाल ती वेळ खरी."

घड्याळजींना हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. पण चाळीस वर्षांची सवय, ती काय अशी सुटते?

विमानं दोन होती. सोमवारी सकाळी एक देशातल्या देशात, मोठ्या विमानतळापर्यंत. तिथून पुढे परदेशी जाणारं दुसरं. लेकीने फोनवर दहा वेळा बजावलं होतं, "बाबा, तिकिटं वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत. बॅगा आपोआप पुढे जाणार नाहीत. पहिल्या विमानातून उतरलात की पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, बसने दुसऱ्या इमारतीत जायचं आणि तिथे पुन्हा बॅगा द्यायच्या. हे विमान चुकलं तर पुढचं थेट मंगळवारी दुपारी. तिकिटं फोनमध्ये आहेत, काउंटरवर फक्त फोन पुढे करा. बाकी मी पाठवलेला कागद पाळा."

कागदावर लेकीने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. पहिलं विमान उतरणार अकराला. दुसरं सुटणार दीडला. फोनमधलं तिकीट उघडून बघावं असं घड्याळजींच्या मनातही आलं नाही. ज्या घड्याळाला किल्ली नाही, काटे नाहीत, त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. कागद मात्र पोटच्या पोरीचा. त्यांनी तो नीट घडी करून खिशात ठेवला आणि बाईंना सांगितलं, "दुसरं विमान साडेबाराला."

सोमवारी सकाळी बाई निघायच्या दोन तास आधी तयार होऊन दारातल्या बॅगेवर बसल्या होत्या. घड्याळजी आंघोळीहून आले आणि ते दृश्य पाहून घाबरले.

"बरं वाटतंय ना गं तुला?"

"मला काय धाड भरलीय? तुमचंच आवरा लवकर. बायकांसारखा काय वेळ लावताय!"

पहिलं विमान वेळेवर सुटलं, पण वेळेवर उतरेना. खाली धावपट्टी मोकळी नव्हती म्हणे. विमान ढगांत घिरट्या घालायला लागलं. बाईंनी घंटी दाबून हवाई सुंदरीला बोलावलं. "पायलटला म्हणावं, आम्हाला कडेला कुठेतरी उतरवा, आम्ही जाऊ चालत." हवाई सुंदरीने त्यांना पाणी आणून दिलं. बाईंनी पुन्हा घंटी दाबली. असं चार वेळा झाल्यावर सुंदरीने पाण्याची बाटलीच त्यांच्याजवळ ठेवून दिली. विमान टेकलं तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती.

पट्ट्यावर दोन बॅगा आल्या, तिसरी येईना. नेमकी तीच बाळाच्या कपड्यांची होती. ओळखता यावी म्हणून बाईंनी तिला लाल फीत बांधली होती. पट्ट्यावरून लाल फितीच्या नऊ बॅगा गेल्या. बाईंनी त्यांतल्या चार उतरवून घेतल्या आणि चारही मालकांशी भांडण काढलं. शेवटी त्यांची बॅग आली, पण फितीविना. फीत बांधायची राहून गेली होती. ती बाईंच्या पर्समध्येच होती.

बाहेर दुसऱ्या इमारतीच्या बससाठी ही मोठी रांग. सव्वाबारा झाले होते. बाईंनी हंबरडाच फोडला, "अहो, जाऊ द्या हो कुणीतरी! ऑपरेशन आहे! साडेबाराला विमान आहे!"

माणसं चांगली असतात, हे लक्षात ठेवलं पाहिजे. रांग झटक्यात बाजूला झाली. कानात गाणी घातलेल्या एका दांडग्या तरुणाने गाणी काढली आणि तिन्ही बॅगा उचलल्या. विमानतळाचा एक माणूस रिकामी चाकाची खुर्ची घेऊन चालला होता, तो धावत आला. "पेशंट कोण?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसल्या.

"कुठलं ऑपरेशन आहे आजींचं?" तरुणाने बसमध्ये हळूच विचारलं.

"पोटाचं," घड्याळजी म्हणाले. एका अर्थी ते खरंच होतं.

बसमधल्या एका बाईंनी आपली शाल काढून पेशंटच्या पायांवर घातली. दुसऱ्या कुणी मोसंबी दिली. पेशंटने ती सोलून खाल्ली. पण साडेबारा वाजले तशा बाई हमसाहमशी रडायला लागल्या. "गेलं हो विमान! माझी पोरगी एकटी आत जाणार!" ते ऐकून बसमधले दोघं-तिघं डोळे पुसायला लागले. आता मात्र घड्याळजींना राहवेना. ते खुर्चीशी वाकले.

"अगं, रडू नकोस. विमान दीडचं आहे."

बाईंचं रडणं मध्येच थांबलं. "काय म्हणालात?"

"मी एक तास पुढे करून सांगितलं होतं. सवय."

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुमच्यावर विश्वास ठेवला हो मी! पहिल्यांदा!" बाई दातओठ खात कुजबुजल्या. पेशंट असल्यामुळे त्यांना ओरडता येत नव्हतं. "आता दीड तरी खरा ना?"

"लेकीच्या अक्षरात आहे."

"मग बसलात काय? पळा!"

बस थांबली आणि वरात निघाली. पुढे खुर्चीवाला, "सरका, सरका, पेशंट आहे!" म्हणत. खुर्चीत बाई, हाताने उजवीकडे-डावीकडे दाखवत. मागे तीन बॅगांसकट तरुण, त्याच्यामागे शालवाल्या बाई, कारण शाल त्यांची होती. सगळ्यांच्या मागे घड्याळजी, एका हाताने गुडघा धरून. ही मंडळी परदेशी विमानाच्या काउंटरवर येऊन थडकली तेव्हा पाऊण वाजला होता. घड्याळजींनी धापा टाकत फोन पुढे केला.

काउंटरवरच्या मुलीने फोन पाहिला, मग या सगळ्या लवाजम्याकडे पाहिलं.

"आजोबा, तुमचं विमान साडेचारला आहे. आमचं काउंटर दीडला उघडेल. तोवर तिकडे बाकावर बसा."

मग पेशंट ताडकन खुर्चीतून उठली, चार ढांगांत काउंटरपाशी गेली आणि म्हणाली, "दाखवा बघू मला तो फोन!"

"आजी, तुम्ही चालता?" तरुणाने विचारलं.

"लेकीचं ऑपरेशन आहे रे बाबा, माझं नाही," बाई ओशाळून म्हणाल्या. "बाळंतपण आहे तिचं."

तरुणाने बॅगा खाली ठेवल्या. शालवाल्या बाईंनी शाल घेतली, जरा झटकूनच घेतली. खुर्चीवाला मात्र हसायला लागला. बाईंनी तिथल्या तिथे लेकीला फोन लावला.

"अगं, कागदावर दीड काय लिहिलंस?"

"आई, तुझ्यासाठी तीन तास पुढे केलं होतं. तुला ओळखत नाही का मी? कुणाची मुलगी आहे?"

"बापाची!" बाईंनी फोन बंद केला. "दोघांनी मिळून माझा पार मामा केलात. आता ऐका. यापुढे कुणी कितीही वाजल्याचं सांगू दे, मी एकाचंही ऐकणार नाही."

दीडला काउंटर उघडलं, बॅगा गेल्या, तपासण्या झाल्या आणि तीनला दोघं गेटपाशी येऊन बसले. घड्याळजींनी काउंटरवर मिळालेला बोर्डिंग पास नीट वाचला. "गेट चार वाजून दहा मिनिटांनी बंद होतं. हे बघ, छापलंय."

"छापलंय ना? मग साडेचारच असणार." बाई पर्स घेऊन उठल्या. "बाळाला लोकरीचे मोजे बघून येते."

"अगं, हे खरं आहे!"

"तुमच्या तोंडी शोभत नाही ते."

पावणेचारला लोक विमानात चढायला लागले. चारला रांग संपली. घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. चाळीस वर्षं खोटी वेळ सांगून आज पहिल्यांदा खरी सांगितली, तर ही तऱ्हा! बाई फोन घेईनात. आपण त्यांना शोधायला जावं, तर त्या दुसऱ्या वाटेने इकडे यायच्या. एवढ्यात समोरून ओळखीची चाकं आली.

"अहो खुर्चीवाले! आमचा पेशंट हरवलाय!"

खुर्चीवाल्याने पुढचं काही विचारलं नाही. तो गेला तो सुसाट. थोड्याच वेळात लांबून आरोळी आली, "सरका, सरका!" खुर्चीत बाई, मांडीवर मोज्यांचे सहा जोड, आणि तोंडाने, "अहो, मला सुटे पैसे तरी घेऊ द्या!"

गेटवरच्या मुलीने मनगट पुढे केलं. "सॉरी आजी. चार बारा. गेट बंद झालं."

बाईंनी तिच्या मनगटाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. या खेपेला त्यांनी काहीही वजा केलं नाही. "पुढचं थेट उद्या दुपारी," त्या एवढंच म्हणाल्या, आणि त्यांच्या मांडीवरचे मोजे खाली पडले.

घड्याळजी मात्र वाकून कधी त्या घड्याळाकडे, कधी आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. मग त्यांनी ते कानाशी लावलं. हात मुलीचाच होता, त्यामुळे मुलगीही थोडी वाकली.

"पोरी, हे तीन मिनिटं पुढे आहे."

"हो," मुलगी गोंधळून म्हणाली. "मीच ठेवलंय. घरातून निघायला उशीर होतो मला."

"मग चार नऊ झालेत."

मुलीने कॉम्प्युटरकडे पाहिलं. चार नऊ झाले होते. "पळा!" ती म्हणाली. बाई पळाल्या. खुर्चीवाल्याने मोजे गोळा करून मागून फेकले, ते घड्याळजींनी झेलले.

मंगळवारी सकाळी आठला जावई दोघांना घेऊन घरी आला. वाटेत तो आरशात बघायचंही टाळत होता. दार लेकीने स्वतः उघडलं. हातात टोस्ट होता.

"अगं, तू अजून घरी? दहाला ऑपरेशन ना?" बाई किंचाळल्या.

लेक बाबांच्या मागे सरकली. तेवढं पोट घेऊन ते काही नीट जमलं नाही. "आई, रागावू नकोस. ऑपरेशन बुधवारी आहे. विमान चुकलंच असतं तर... म्हणून एक दिवस पुढे करून सांगितलं."

बाईंनी लेकीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "मी आंघोळीला जाते," त्या म्हणाल्या. "मला एक तास लागेल. कुणीही दार वाजवायचं नाही. कुणी वेळही सांगायची नाही."

वीस मिनिटांनी दार वाजलं. बाई आतून कडाडल्या, "किती वाजले ते मला सांगू नका!"

"नाही सांगत!" बाहेरून घड्याळजींचा आवाज चिरकला. "पण पोरीला कळा सुरू झाल्यात!"

ओल्या केसांनी, बटणं वरखाली लावून बाई निघाल्या. सगळ्यांत आधी गाडीत त्याच बसल्या होत्या. हॉस्पिटलात लेकीला आत नेताना तिचा हात बाईंच्या हातात होता आणि लेकीने तो इतका आवळला होता की बाईंच्या बोटांना मुंग्या आल्या.

"आई, तू आलीस म्हणून बरं."

"मी कसली येतेय, तू खोटं बोललीस म्हणून आले," बाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. "खरं बोलली असतीस तर आत्ता कुठेतरी मोजे बघत असते. जा, घाबरू नकोस. तुला मी नंतर बघते."

दुपारी नर्स बाळाला घेऊन बाहेर आली. मुलगी होती. घड्याळजींनी सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वर केली, मग आपल्या मनगटाकडे, मग पुन्हा भिंतीकडे.

"बुधवारची होती ना ही?" नर्स हसत म्हणाली. "फार घाई केली हो तुमच्या नातीने."

बाईंनी नातीला हातात घेतलं, तिच्या पायात एक मोजा चढवला आणि नवऱ्याकडे बघितलं.

"घाई कसली? आमच्या घरचीच आहे. एक दिवस पुढे."