उज्वला इथं राहत नाही

सटाण्यात आपल्याला गंडवणारा अजून जन्माला यायचाय, हे चिमाजीअण्णांचं ठाम मत. तीस वर्षं एसटीत कंडक्टर! मिसरूड फुटलेल्या पोराचं अर्धं तिकीट मागणाऱ्या आया त्यांनी ढिगानं पकडल्या होत्या. निवृत्तीनंतर पकडायला कुणी उरलं नाही, तेव्हा दूधवाल्यावर नि भिंतीवरच्या घड्याळावर संशय घेऊन ते दिवस काढत.

अशात सून उज्वलानं मिरची कांडपाचं यंत्र घ्यायचं ठरवलं. हंगाम तोंडावर आलेला, गल्लीतल्या बायका आत्तापासून नंबर लावून बसलेल्या. यंत्र पाडव्याआधी आलं तर ठीक, नाहीतर वर्ष हातचं गेलं. कर्ज काढावं लागणार होतं, आणि कुठून वास लागला देव जाणे, संतोष नावाचा एजंट गोड हसत दारात हजर! दोन दिवसांत पैसे, व्याज फक्त तीन टक्के. फाइलचे सहा हजार मात्र आधी द्यायचे, आणि कोऱ्या फॉर्मवर सही तेवढी करायची, बाकीचं तो भरणार.

"तीन टक्के वर्षाला का महिन्याला?" अण्णांनी विचारलं.

संतोषला ठसका लागला. पाणी पिऊन तो म्हणाला, "महिन्याला. पण जाणवतसुद्धा नाही, अण्णा."

अण्णांनी त्याला चपला हातात घेऊन पळायला लावलं. मग लक्षात आलं, उज्वलाच्या आधारची झेरॉक्स त्याच्याच बॅगेत गेली! अण्णांनी लगेच हिशोब मांडला. आता हा भामटा तिच्या नावावर कर्ज उचलणार आणि वसुलीची माणसं आपल्या दारात पाठवणार. उज्वलानं पोलिसांत अर्ज दिला आणि सरळ बँकेत जाऊन कर्ज मागितलं. पण अण्णांना तेवढ्यानं झोप लागते होय! त्यांनी अख्खी गल्ली तयार केली. बॅगवाला अनोळखी माणूस दिसला, की एकच उत्तर द्यायचं, उज्वला इथं राहत नाही. शेजारच्या कुसाबाईंकडून तर ते पाढ्यासारखं घोकून घेतलं.

आठवड्यानं बॅगवाला आलाच. उज्वला बाजारात गेलेली. कोपऱ्यावरच्या निजाम टेलरनं मशीनवरून मान वर न करता सांगितलं, या नावाचं इथं कुणी नाही. कुसाबाईंनी पदरचंही थोडं घातलं. "उज्वला? नाय बा. ती लय वर्षांमागं गाव सोडून गेली." माणूस चिकाटीचा, तो थेट अण्णांपर्यंत पोचला. अण्णांनी आपल्याला सूनच नसल्याचं छातीठोक सांगितलं. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं, आभार मानले नि निघून गेला. त्या संध्याकाळी गल्लीला अण्णांकडून चहा झाला.

दोन दिवसांनी उज्वला बँकेतून आली ती पायरीवरच बसली. अर्ज नामंजूर! पत्ता तपासायला बँकेनं माणूस पाठवला होता, आणि त्यानं लिहून दिलं होतं, अर्जदार इथं राहत नाही, सासऱ्यांना सून नाही.

अण्णांचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं, बॅग होती त्याच्याकडं," एवढंच त्यांना सुचलं.

"अण्णा, मी या घरात मरमर राबते," उज्वला म्हणाली, "आणि तुम्ही मला घरातूनच काढून टाकलंत."

अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच तिला घेऊन बँकेत गेले. मॅनेजरबाई हसू दाबत म्हणाल्या, सासऱ्यांनी लेखी दिलं, तर माणूस पुन्हा पाठवू, पाडव्याआधी काम होईल. उज्वलानं मजकूर सांगितला, अण्णांनी लिहिला. उज्वला माझी सून आहे. ती आमच्याच घरात राहते. आणि आमचं घर तिच्याच जिवावर चालतं.

अण्णांचं पेन थांबलं. "हे शेवटचं बँकेला लागतं का?"

"लागतं," उज्वला म्हणाली.

मॅनेजरबाई एकदम पंख्याकडं बघायला लागल्या. यात काहीतरी शिजतंय, हे अण्णांना पक्कं कळलं. तरी त्यांनी मुकाट्यानं सही केली, आणि कुणी मागितला नसताना वर अंगठाही उठवला.