गंगाक्काचे कॅमेरे

रंकाळ्याच्या कठड्यावर एक वाळका भोपळा ठेवलाय, त्याच्या पोटाला जुन्या चपलेच्या कातड्याचा तुकडा बाभळीच्या काट्यानं टाचलाय, आणि शेजारी साठी उलटलेली एक बाई पदर खोचून भाजक्या शेंगा खात बसलीय. सकाळी फिरायला निघालेल्या माणसानं असं काही बघितल्यावर काय करावं? आमच्या कोल्हापुरातली माणसं सरळ पलीकडच्या बाजूनं जायची. एका भल्या बाईनं तर भोपळ्याला हळदकुंकू लावलं, पुढ्यात लिंबू ठेवलं आणि मागं न बघता चालू लागली.

"अवो बाई, करणी न्हवं ती! क्यामेरा हाय, क्यामेरा!" गंगाक्का ओरडली.

बाई पळायलाच लागली.

कुंकू नेमकं कॅमेऱ्याच्या भोकात गेलं होतं. त्या दिवशीचा फोटो वाया गेला. लिंबाचं सरबत आम्ही दोघींनी घेतलं.

गंगाक्का माझी घरमालकीण. ती खाली राहते, मी वरच्या खोल्यांत भाड्यानं. लग्न तिनं केलं नाही. नोकरीची सगळी वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढण्यात गेली. म्हणजे निम्मं आयुष्य काळोख्या खोलीत, लाल दिव्याखाली, फिल्म औषधात बुडवून हलवण्यात. पुढं तिथं कॉम्प्युटर आला. ट्रे, चिमटे, लाल दिवा सगळं भंगारात निघालं. अक्कानं ते साहेबांकडून मागून घेतलं आणि रिटायर होताना रिक्षात घालून घरी आणलं. बाकीच्यांनी शाल-श्रीफळ नेलं. हिनं शाल ट्रेवर पांघरली आणि श्रीफळ फोडून त्याच्या करवंटीचा पहिला कॅमेरा केला.

कॅमेरा म्हणजे काय, तर पोकळ वस्तू, आत मिट्ट अंधार आणि सुईच्या टोकाएवढं भोक. आतून काजळी आणि डिंक फासायचा. भोकासमोर फोटोचा कागद चिकटवायचा. भोकावरची कातड्याची झडप उघडली की उजेड आत शिरतो आणि समोरचा डोंगर कागदावर उलटा उमटतो. भिंग नाही, बटण नाही. एका बंद पडलेल्या स्टुडिओत मुदत संपलेला कागद पडून होता, तो तिनं आणलाय. बाकी सगळं रानातलं. "दुकानातलं आणलं की त्येचा डबा हुतोय. क्यामेरा उगवाय लागतोय," असं तिचं म्हणणं. परसातल्या वेलावर दुधी लटकायला लागला की ती त्याच्याकडं भाजी म्हणून बघतच नाही. मी एकदा एक कोवळा दुधी तोडून आणला, तर दोन दिवस तोंड फिरवून होती. "चांगला रुंद देखावा आला असता त्येच्यात," म्हणाली.

बांबूचे झाले, शेणाचे झाले. एका वर्षी गुऱ्हाळावरून गूळ आणला आणि त्याचा पेटीसारखा चौकोनी कॅमेरा थापला. तो घेऊन पुन्हा रंकाळ्यावर. ऊन चढलं तसा कॅमेरा एका अंगाला कलला, आणि मुंग्यांना पत्ता लागला. फोटो धुतल्यावर पाण्यावर, आभाळात, सगळीकडं मुंग्यांच्या रेघा. तो फोटो तिनं फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलाय. आल्यागेल्याला दाखवते. "रंकाळा कुणीबी काढंल. मुंग्या कशा ओळीत आल्यात बघा की!" उरलेल्या कॅमेऱ्याचा आम्ही चहा केला. काजळीची बाजू तासून.

अक्काला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. हाडं राहतात. भाजी मंडईत एखादा लांबून "नमस्कार अक्का" म्हणाला, तर ती डोळे बारीक करून बघते आणि मग खुलते, "हां, डावं मनगाट! बरं हाय न्हवं?" आमच्या गल्लीत एक वस्ताद आहेत. गळ्याजवळचं हाड कुस्तीत मोडलं, तरी शेवटपर्यंत लढलो, ही गोष्ट ते पोरांना कायम सांगतात. एका बारशाला ती गोष्ट रंगात आली होती. अक्का जिलबी खाता खाता म्हणाली, "कुस्ती कुठली रं? पेरूच्या झाडावरनं पडलतास की तू. मीच काढलता फोटो. तुझी आई रडालती." वस्ताद जिलबी न घेताच उठले. अक्काला कळेचना काय झालं. "हाड चांगलं जुळलंतं की त्येचं," ती मला म्हणत राहिली.

असं असल्यामुळं तिच्याकडं फारसं कुणी येत नाही. कुणाच्या घरी तिला बोलावणंही कमीच. मी संध्याकाळी कामावरून आले, की जिन्यावर पावलं वाजायच्या आत खालून हाक येते, "आलीस व्हय?" मी हो म्हणते. खालचं दार लागतं. तिला एवढंच हवं असतं.

गेल्या थंडीत एका रविवारी ती सकाळीच वर आली. कडेवर लेकरू घ्यावं तसं एक मातीचं मडकं घेतलेलं. तोंड बंद केलेलं, पोटाला कातड्याची झडप.

"गाडीवरनं मुरगूडच्या अंगाला सोडतीस काय? यष्टीत फुटंल ह्यो."

मला वाटलं, कुठला तरी डोंगर असेल. कागल मागं पडलं, ऊसतोडीच्या गाड्या चुकवत आम्ही पुढं गेलो. गावाच्या अलीकडं एका कालव्यापाशी तिनं गाडी थांबवायला लावली. तिथं डोंगर नव्हता, देऊळ नव्हतं. कालव्याच्या पलीकडं तोडून मोकळं झालेलं उसाचं रान, एक विहीर, आणि मागं कौलारू घर. तिनं मडकं दगडावर ठेवलं, खाली चार खडे सारून नीट बसवलं, झडप उघडली आणि शेजारी मांडी घालून बसली.

"अक्का, हे काय काढायलाय?"

"रान."

"कुणाचं?"

"भावाचं." मग कौलांकडं बोट करून म्हणाली, "आमचंच घर त्ये."

"मग आत जाऊया की. मी पण येते."

"बोलत न्हाई त्यो."

मग हळूहळू तिनं सांगितलं. आई-वडील लवकर गेले, भावानंच तिला वाढवलं. सायकलवर पुढं बसवून शाळेत सोडायचा. त्याच्याच दोस्ताशी तिचं लग्न ठरवलं. अक्काला एक्स-रेच्या नोकरीचा कागद आला होता आणि सासरच्यांना नोकरी करणारी सून नको होती. साखरपुड्याच्या सकाळी ती मागच्या दारानं निघाली आणि कोल्हापूरच्या एसटीत बसली.

"पावणं दारात आल्यालं. त्यानं एकट्यानं सगळ्यांम्होरं हात जोडलं. मला एक शब्द बोलला न्हाई. तवापास्नं न्हाईच बोलला."

"पण तुम्ही इथं येता?"

"येतो की. वर्सातनं एकदोनदा."

"मोबाईलवर फोटो काढायचा ना अक्का. एवढं मडकं घेऊन..."

"मोबाईलवर काढला की उठाय लागतंय गं," ती म्हणाली. "ह्याला येळ लागतोय. कुणी इचारलं, हितं का बसलाईसा, तर सांगाय येतंय, फोटो निघालाय म्हणून."

मीही तिच्या शेजारी बसले. धुकं विरत होतं. तेवढ्यात कौलारू घराचं दार उघडलं आणि धोतर नेसलेला एक म्हातारा काठी टेकत बाहेर आला. अक्काचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि तिथंच राहिला.

म्हातारा विहिरीपर्यंत आला. आमच्याकडं बघत उभा राहिला. आता शिव्या घालतो की काय, असं मला वाटलं. पण तो पलीकडच्या बांधापर्यंत आला आणि काठी बाजूला ठेवून आमच्याकडं तोंड करून खाली बसला. मध्ये नुसता कालवा. हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती.

अक्कानं हाक मारली नाही. त्यानंही नाही.

या कॅमेऱ्यात माणसं सहसा येत नाहीत. समोरून बैलगाडी गेली तरी कागदावर तिचा मागमूस राहत नाही. हलेल ते पुसून जातं. मी ते अक्काकडूनच शिकले होते. म्हणून मी म्हाताऱ्याकडं बघत होते, आता उठेल, मग उठेल. तो बसूनच होता. ऊन त्याच्या पायापर्यंत आलं, तरी बसून. शेवटी अक्कानं झडप लावली, मडकं पदरात घेतलं, तेव्हा तो काठीच्या आधारानं उठला, धोतर झटकलं आणि घराकडं वळला.

परतताना गाडीवर ती मडकं पोटाशी धरून बसली.

दुपारी तिनं मला खाली बोलावलं. न्हाणीघराच्या खिडकीवर वाकळ टांगली होती, लाल दिवा लागला होता. औषधाच्या ट्रेमध्ये कागद हळूहळू काळा होऊ लागला. आधी आभाळ, मग रान. या कागदावर सगळं उलटं असतं, उजेड तो काळा आणि अंधार तो पांढरा. विहीर आली. घराची कौलं आली. आणि बांधावर एक काळपट ठिपका, बोटानं पुसल्यासारखा. मला तर तो दगडही वाटला असता.

"दिसतोय न्हवं?" अक्कानं विचारलं.

"दिसतोय की," मी म्हणाले.

तिनं कागद चिमट्यानं उचलला, दिव्याजवळ नेला. पाणी ठिबकत होतं. कितीतरी वेळ ती त्या ठिपक्याकडं बघत राहिली. मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बघ की," ती म्हणाली, "एवढ्या थंडीचं भाईर आलाय. कानाला मफलर बांधाय काय झालतं ह्येला?"