आतून-बाहेरून स्वच्छ कॅमेरा

नाशकात येऊन आठवडा झाला नाही तोच गौरांगने जाहीर केलं, की इथली माणसं आपण ग्रुपवरून किंवा ओळखीच्या ओळखीवरून ओळखणार नाही. कॅमेऱ्याच्या रोलवर ओळखणार! एका रोलमध्ये फोटो छत्तीस. एका माणसाचा एकच फोटो, आणि तोही आधी पोटभर गप्पा मारून, माणूस पुरता कळला की मगच.

"दिवाळीपर्यंत अख्खं इंदिरानगर माझ्या ओळखीचं असेल," तो ऑफिसात म्हणाला. शेजारचे तिघे लॅपटॉपवरची नजर न काढता "अरे वा" म्हणाले. म्हणजे ऐकलं कुणीच नव्हतं. ऑफिसात त्याची स्वतःची ओळख 'पाण्याच्या मशीनजवळ बसतो तो' एवढीच होती, आणि मशीन हलवलं असतं तर तीही गेली असती.

कॅमेरा मामाचा, जुना आणि चांगला जड. गळ्यात अडकवला की गौरांग आपोआप थोडा वाकून चालायचा आणि त्यामुळे फार नम्र दिसायचा. नम्र दिसणाऱ्या माणसाशी लोक बोलतात. पहिल्यांदा बोलल्या त्या घरमालकीण सावित्रीबाई. गौरांगची खोली त्यांच्याच घरावरची.

सावित्रीबाईंना फोटो हवाच होता. तो भिंतीसाठी. आपण गेल्यावर मुलगा घाईघाईत आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावेल आणि जन्मभर नीटनेटकी राहिलेली बाई मेल्यावर चोर दिसेल, ही त्यांची खरी धास्ती. धास्तीला कारणही समोर टांगलेलं होतं. त्यांचे यजमान नाना एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते. ते वारले तेव्हा एकट्याचा फोटो सापडेना, म्हणून निरोप समारंभाच्या ग्रुप फोटोतून त्यांना कापून काढलं. नाना निघाले, पण शेजारी उभ्या असलेल्या मित्राची चार बोटं खांद्यावरून निघेनात. ती तशीच चौकटीत आली.

बोटांचे मालक धोंडीरामकाका ठणठणीत होते. रोज सकाळी चहाला यायचे आणि त्या फोटोखालीच बसायचे.

"दर वर्षी तिथीला माझ्या बोटांना हार पडतो," ते गौरांगला म्हणाले. "बाकीचा मी अजून चहा पितोय."

"मला तसलं काय नको," सावित्रीबाईंनी बजावलं. "माझ्या फोटोत मी एकटी पायजे. आन् दिवाळीला पोरगा-सून यायच्या आत पायजे. त्यांच्यासमोर टांगणार हाय मी, म्हणजे पुढं वाद नाय."

नानांच्या शेजारी खिळासुद्धा ठोकून झाला होता.

गौरांगने त्यांचा फोटो काढला. ठेवणीतलं लुगडं, श्वास रोखलेला, नजर अशी की समोर इन्कम टॅक्सवाला उभा आहे. मग त्याने धोंडीरामकाकांचा काढला. कोपऱ्यावर पेठ तालुक्यातली भाजी घेऊन बसणाऱ्या नवसाबाईचा काढला. त्यासाठी आठ दिवस रोज भाजी घेतली आणि कारलं न आवडणारा माणूस कारल्याची भाजी करायला शिकला. तिच्या बाजूला भजी तळणाऱ्या महेशचा काढला. मागूनही न निघालेला फोटो एकच. चौकातल्या स्टुडिओत वडिलांच्या जागी बसणाऱ्या आभाचा. गावात रोल अजून हाताने धुणारी तीच एक त्याला सापडली होती.

"आधी हे छत्तीस आणा," ती म्हणायची. "आणि धुवायला देईपर्यंत मागचं झाकण उघडू नका. उजेड लागला की संपलं."

"एवढं कळतं मला," गौरांग म्हणाला होता.

रोल संपायला दोनच फोटो राहिले आणि दसरा आला. आदल्या संध्याकाळी सावित्रीबाईंनी जिन्यातून हाक दिली, की उद्या हत्यारांची पूजा आहे, तुझं हत्यार काय असेल ते खाली आणून दे. गौरांगला भरून आलं. घरच्या सुरी-विळीच्या रांगेत आपलाही नंबर लागतोय! त्याने लॅपटॉप दिला आणि मोठ्या अभिमानाने कॅमेराही दिला. हळदीकुंकू वाहतील, झेंडूचं फूल ठेवतील, असा त्याचा अंदाज. अंदाज बरोबरच होता, फक्त अपुरा होता.

सकाळी तो खाली आला. पाटावर विळी, अडकित्ता, नानांचे पाने आणि पकडी, सुटी केलेली मिक्सरची भांडी, लॅपटॉप आणि मधोमध कॅमेरा. झाकण सताड उघडं. आत कुंकवाची दोन बोटं. आणि कॅमेऱ्याभोवती माळ घालावी तसा, सुंदर वेटोळं करून, अख्खा रोल.

"पूजेला हत्यार आतून-बाहेरून स्वच्छ लागतं," सावित्रीबाई समाधानाने म्हणाल्या. "आतून ही फीत निघाली. कवाची असंल कोण जाणे. ओल्या फडक्यानं पुसली, आन् टाकायची कशाला, म्हणून माळ केली. लॅपटॉपचे स्क्रू काय निघाले नाय माझ्यानं."

गौरांगने पाटाकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं.

"छान झालीय पूजा," तो म्हणाला.

"फोटो कधी येणार माझा?"

"दिवाळीच्या आत."

आता खरं सांगायला तोंड उघडायचं तर ते कसं? ज्या बाईला आयुष्यात एक धड फोटो हवा होता, तिने तो स्वतःच्या हाताने, मंत्र म्हणत पुसला होता. त्याने आभाला सांगितलं. आभा इतकी हसली की पासपोर्ट फोटोला बसलेलं गिऱ्हाईकही हसलं आणि त्याचा फोटो पुन्हा काढावा लागला. मग तिने खणातून नवा रोल काढला, स्वतःच कॅमेऱ्यात बसवला आणि म्हणाली, "कुंकू राहू द्या आत. आता मिळेल तो आशीर्वाद लागेलच."

ठरलं. सगळ्यांचे फोटो गुपचूप पुन्हा काढायचे. कारण सांगायचं नाही. हसत जायचं, हसत यायचं.

पण दुसऱ्यांदा फोटो काढणारा माणूस आणि पहिल्यांदा काढणारा माणूस यांत लोक फार फरक करतात. पहिल्यांदा काढतो तो हौशी. दुसऱ्यांदा काढतो त्याला पुरावा हवा असतो. नवसाबाईने फोटो काढू दिला, पण महेशकडे पाहिलं. महेशने काढू दिला आणि गौरांग पाठमोरा झाल्याबरोबर गॅस बंद केला. गोड बोलतो, रोज भाजी घेतो, हातगाडीची मापं घेतल्यासारखा मागे सरकून बघतो: हा अतिक्रमणवाल्यांचाच माणूस, यावर कोपऱ्याचं एकमत व्हायला एक कढई निवायचा अवकाश लागला.

दुसऱ्या दिवशी कोपरा रिकामा! ना भाजी, ना भजी, ना चावीवाला. कॉलनीत कोथिंबिरीची काडी मिळेना. सावित्रीबाईंना हे सगळं महेशच्या बायकोकडून कळलं. त्यांनी गौरांगला खाली बोलावलं आणि कडक आवाजात विचारलं, की तू नक्की कोणत्या खात्यात आहेस. तो म्हणाला, सॉफ्टवेअर. त्या म्हणाल्या, असली खाती आपलं खरं नाव कधी सांगत नाहीत.

शेवटी तो नवसाबाईला शोधत गेला. ती दोन गल्ल्या सोडून एका झाडाआड बसली होती आणि टोपल्यांवर पोतं पांघरलेलं होतं. त्याला बघून ती उठायला लागली. गौरांगने कॅमेरा खाली ठेवला, तिच्यासमोर फुटपाथवर बसला आणि पूजेपासून सगळं सांगून टाकलं.

नवसाबाई ऐकत राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला.

"पुसली? ओल्या फडक्यानं?"

"माळही केली."

"आन् तू त्यांना सांगितलं नाय?"

"कसं सांगू? त्यांनी खिळा ठोकलाय, बाई."

नवसाबाईने पोतं काढलं, टोपली डोक्यावर घेतली आणि कोपऱ्याकडे चालायला लागली. वाटेत तिने महेशला सांगितलं, महेशने चावीवाल्याला, चावीवाल्याने दिसेल त्याला. संध्याकाळपर्यंत एक सावित्रीबाई सोडून सगळ्या इंदिरानगरला खबर होती, आणि गंमत म्हणजे त्यांच्यापाशी कुणी अवाक्षर काढलं नाही. लोक आपणहून फोटोला उभे राहिले. ज्यांची नावंही गौरांगला माहीत नव्हती ते थांबवून विचारायचे, "सावित्रीमावशींचं जमलं का?" फोटोसाठी मारलेल्या गप्पांनी जेवढ्या ओळखी झाल्या नव्हत्या, त्याच्या दुप्पट या एका फजितीने करून दिल्या.

पण मावशींचंच जमत नव्हतं. त्यांना पुन्हा बसवायचं कोणत्या निमित्ताने? तेव्हा धोंडीरामकाका पुढे आले. मलाही भिंतीसाठी फोटो काढायचाय, असं म्हणून ते दुपारी सावित्रीबाईंच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले आणि मुद्दाम विजेच्या खांबासारखे ताठ झाले.

"भाऊ, असा फोटो लावला तर लोक नमस्कार करतील का बिल भरतील?" सावित्रीबाई म्हणाल्या.

"मग तुम्ही दाखवा बसून, वहिनी."

सावित्रीबाई बसल्या. धोंडीरामकाका खुर्चीमागे गेले.

"नाना काय म्हणायचे ठाऊक आहे? ड्यूटीवरून घरी आलो आणि ही हसत नसली, की मी आधी मेन स्विच बघतो."

सावित्रीबाई हसल्या. चांगल्या खदखदून, मान मागे टाकून, डोळे बारीक करून. गौरांगने कळ दाबली. त्या क्षणी त्याला पहिल्यांदा वाटलं, की माणूस कळल्यावरचा फोटो म्हणतात तो हा. पहिला फोटो पुसला गेला ते एका परीने बरंच झालं.

स्टुडिओच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत आभाने कागद पाण्यात हलवला. आधी हसू वर आलं. मग पदर. मग खांदा, आणि खांद्यावर, खुर्चीच्या पाठीवरून पुढे आलेली, स्वच्छ, ठळक, चार बोटं.

आभाने कात्री उचलली.

"कापू?" आभा म्हणाली.

"खांदाही जाईल."

दिवाळीच्या आदल्या दिवशी गौरांगने तो फोटो चौकटीसकट सावित्रीबाईंच्या हातात दिला आणि दाराच्या बाजूला उभा राहिला, म्हणजे पळायला सोपं. धोंडीरामकाकांनी हात खिशात घातले. सावित्रीबाईंनी चष्मा पुसला, फोटो उजेडाला धरला.

"दात दिसतात," त्या म्हणाल्या.

"हो," गौरांग म्हणाला.

"दिसू दे. सुनेला कळू दे, मी वर जाऊनसुद्धा मजेत हाय." मग त्यांचं बोट चौकटीवरून सरकत खांद्यापाशी थांबलं. त्यांनी नानांच्या फोटोकडे पाहिलं. पुन्हा हातातल्या फोटोकडे. "भाऊ, तुमी काय आमाला एकटं सोडत नाय."

"वहिनी, मी हात खुर्चीवर..."

"ऱ्हाऊ द्या. त्यांच्या खांद्यावर हाय, माझ्याबी असू द्या. भिंतीवर जोडी दिसंल."

आणि त्यांनी स्वतः स्टुलावर चढून फोटो टांगला. धोंडीरामकाका नाक शिंकरायला म्हणून बाहेर गेले ते बराच वेळ आले नाहीत.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी गौरांग स्टुडिओतून शीळ घालत परतला. कॅमेऱ्यात तिसरा रोल होता आणि त्यात सकाळीच काढलेला आभाचा फोटो. दुकानाच्या दारात, गळ्यात फिल्मच्या तुकड्याची माळ घालून ती त्याला चिडवत उभी होती आणि पहिल्यांदाच 'अहो' सोडून "अरे, काढ ना लवकर" म्हणाली होती. त्याने कॅमेरा खालीच टेबलावर ठेवला आणि अंघोळीला वर गेला.

परत आला तर पाट मांडलेला होता.

"तू काढलेला माझा फोटो एवढा चांगला आला तो कशामुळं, सांग बरं?" सावित्रीबाई निरांजन लावत म्हणाल्या. "दसऱ्याच्या पूजेचा गुण! मी म्हटलं, आजबी करून टाकू. ह्या खेपेला फीत कोमट पाण्यानं पुसली."

गौरांगने त्या ओल्या माळेकडे पाहिलं.

"छान झालीय पूजा," तो म्हणाला, रिकामा कॅमेरा गळ्यात अडकवला आणि चपला घालून बाहेर पडला. आभाचा फोटो आता पुन्हा काढावा लागणार होता. कोपऱ्यावर नवसाबाईने हाक मारली, कुठं निघालास, पण तो थांबला नाही. नुकसान झालेला माणूस इतका भरभर चालत नाही, असं ती महेशला म्हणाली.